कंट्रोलचं धान्य आणि दीडशे रुपये

दुसरं महायुद्ध संपून ऐंशी वर्षं झाली. त्या युद्धानं समाजात काय काय बदललं याची चर्चा निघते तेव्हा अणुबॉम्ब, पेनिसिलीन, डीडीटी यांची नावं येतात. वऱ्हाडात, वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजासारख्या गावात मात्र त्या युद्धानं दिलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट म्हणजे रेशनचं दुकान. लोक आजही पिशवी घेऊन ‘कंट्रोलवर’ जातात, आणि ते कंट्रोल युद्धकाळातलं आहे.

१९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिकडचा तांदूळ यायचा थांबला. पुढच्याच वर्षी बंगालात सुमारे तीस लाख माणसं दुष्काळानं गेली. अमर्त्य सेन यांनी नंतर दाखवून दिलं की धान्याच्या तुटीपेक्षा भावाचं गणित जीवघेणं ठरलं होतं. मजुराच्या हातात पैसे होते, पण त्या पैशांत तांदूळ येत नव्हता. १९४३च्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झालं.

वऱ्हाडाला झळ लागली ती कापसातून. इथला आखूड धाग्याचा कापूस जपान मोठ्या प्रमाणावर उचलायचा. १९४१मध्ये तो व्यापार तुटला आणि हक्काचं गिऱ्हाईक गेलं. सरकारनं ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम काढली आणि अशा कापसाच्या वावरात धान्य पेरा म्हणून सांगितलं. नगदी पिकावर विसंबलेल्या शेतकऱ्याचं ताट किती लांबच्या घडामोडींवर अवलंबून असतं, हे तेव्हा कळायला हवं होतं.

स्वातंत्र्यानंतर कंट्रोल उठवावं असा गांधीजींचा आग्रह होता. काळाबाजार आणि लाचखोरी यांना लोक विटले होते, त्यामुळे तो आग्रह समजण्यासारखा होता. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ मात्र विरोधात होते. डिसेंबर १९४७पासून नियंत्रणं सैल झाली, भाव भडकले, आणि १९४८ सरण्याआधी सरकारला ती परत आणावी लागली. गाडगिळांचं म्हणणं खरं ठरलं.

हे आज उगाळायचं कारण वाशीममध्येच आहे. २०१५ साली राज्यानं शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना माणशी महिना ५ किलो धान्य द्यायला सुरुवात केली. गहू २ रुपये किलो, तांदूळ ३ रुपये. त्या १४ जिल्ह्यांत वाशीम होता. पुढे केंद्राकडून या योजनेसाठी धान्य मिळेना, तेव्हा २०२३पासून धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये बँकेत जमा करायचं ठरलं.

मला हा बदल साफ चुकीचा वाटतो. सुरुवातीचे १५० रुपये म्हणजे ५ किलोला किलोमागे ३० रुपये होते. भाव वाढला की तेवढ्याच पैशांत धान्य कमी येणार, आणि रक्कम वाढवायची तर मंत्रालयातून नवा आदेश निघायला हवा. ५ किलो धान्य मात्र भाव कितीही चढला तरी ५ किलोच राहतं. शिवाय पैसे जमा होतात खात्यात, आणि घरातल्या बाईच्या हाती ते किती लागतात, हे ज्यानं त्यानं आपल्या घरापुरतं तपासावं.

यावर ‘शेतकऱ्याला धान्य कशाला, तो पिकवतोच ना’ असं शहरात हमखास म्हटलं जातं. पूर्वी ते खरं होतं. पेवात वर्षाची ज्वारी असायची, कडबा गुरांना व्हायचा. आता इथलं शिवार पावसाळ्यात सोयाबीननं भरलेलं असतं. सोयाबीन बाजार समितीत जातं आणि भाकरीचं पीठ दुकानातून येतं. म्हणजे शेतकरी आज धान्याचं गिऱ्हाईक आहे, आणि सोयाबीनचा भाव पडतो त्या वर्षी तो सर्वांत दुबळं गिऱ्हाईक असतो.

म्हणून मागणी दोन गोष्टींची करायला हवी. या १४ जिल्ह्यांना रोख रकमेऐवजी पुन्हा धान्य द्या, आणि त्यात ज्वारी घाला. हमीभावानं ती इथल्याच शेतकऱ्याकडून घ्या आणि इथल्याच कंट्रोलवर वाटा. खात्रीनं विकली जाते म्हटल्यावर दोन-चार एकरवालाही एखादा एकर ज्वारीला देईल, आणि त्याच्या गोठ्यात कडबा परत येईल.