दुष्काळ कोणत्या मापाने मोजायचा?

२०१६ साली दुष्काळासंबंधी दोन सरकारी निर्णय झाले. हवामान खात्याने ‘दुष्काळी वर्ष’ हा शब्दप्रयोग बाद करून त्याजागी ‘तुटीचे वर्ष’ असे सौम्य नामाभिधान योजले. केंद्रीय कृषी मंत्रालयाने नवी नियमपुस्तिका काढली आणि दुष्काळ जाहीर करण्यापूर्वी राज्यांनी कोणते निर्देशांक तपासावेत हे ठरवून दिले. पहिला निर्णय हसण्यावारी नेता येईल, दुसरा नव्हे. कारण या निर्देशांकांवर दुष्काळ ‘तीव्र’ ठरल्याखेरीज राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीची तिजोरी उघडत नाही.

हे निर्देशांक प्रत्यक्षात कसे वागतात हे पाहण्यासाठी पेन्नेचे खोरे पुरेसे आहे. कर्नाटकातील नंदी डोंगरात उगम पावून अनंतपूर, कडपा, नेल्लोरमार्गे बंगालच्या उपसागराला मिळणारी ही नदी वर्षाचा बराच काळ वाळूचे पात्र असते. वरचे खोरे पर्जन्यछायेत आहे आणि तेथील कोरडवाहू शेतकरी भुईमुगावर जगतो.

प्रमाणित पर्जन्य निर्देशांक १९९३ मध्ये अमेरिकेत तयार झाला. तो सोपा आहे, केवळ पावसाच्या नोंदींवर काढता येतो. परंतु तीन महिन्यांचा एकूण पाऊस चार दिवसांत कोसळला तरी त्याच्या लेखी हंगाम ठीक! भुईमुगाच्या आऱ्या जमिनीत शिरण्याच्या वेळी ओल नसेल तर शेंग धरत नाही, हे त्याला ठाऊक नसते. नियमपुस्तिकेने पावसाच्या दीर्घ उघडिपीचीही दखल घेतली आहे, हे मान्य केले पाहिजे. उष्णतेने उडून जाणारी ओल मात्र पावसाच्या आकड्यांत येतच नाही. ती हिशेबात घेणारा निर्देशांक २०१० पासून उपलब्ध असूनही.

उपग्रहाला हिरवाई दिसते. पण ती भुईमुगाची की पडीक रानात माजलेल्या वेड्या बाभळीची, हे त्याला सहजी उमगत नाही. धरणसाठ्याच्या निर्देशांकाची कथा तर याहून विलक्षण आहे. मध्य पेन्ना धरणात तुंगभद्रेच्या उच्च पातळी कालव्याचे पाणी येते, सोमशिला धरणात श्रीशैलमहून कृष्णेचे. म्हणजे सह्याद्रीत पाऊस झाला की धरणे भरलेली दिसणार, आणि त्याच वेळी अनंतपूरच्या माळावरील पीक करपलेले असणार. हा आकडा खोटा नसतो. तो दुसऱ्याच खोऱ्यातील पावसाचा असतो. भूजलाचा निर्देशांक अधिक प्रामाणिक, पण संथ: खोल गेलेल्या विंधन विहिरींना एका चांगल्या पावसाने पाणी येत नाही.

अशा परस्परविरोधी आकड्यांची एकत्र मोट बांधून, बहुतेकांनी ‘तीव्र’ म्हटले तरच तीव्र, हा न्याय शास्त्रीय दिसतो. व्यवहारात तो खजिन्याच्या सोयीचा आहे. शिवाय या साऱ्या मापांत माणूस कोठेच नाही. निंदणी-काढणीची मजुरी बुडालेला शेतमजूर बंगळूरची वाट धरतो. कुळाने कसलेल्या जमिनीची भरपाई सातबाऱ्यासारख्या दप्तरी नोंद असलेल्या मालकाच्या नावे निघते.

म्हणून कोरडवाहू क्षेत्रापुरते धरणसाठ्याचे माप वगळावे, पेरणीनंतरची जमिनीतील ओल आणि पीककापणीचे प्रयोग निर्णायक मानावेत, गावातून कामासाठी बाहेर पडलेल्या कुटुंबांची गणना ग्रामसभेकडून करवून घ्यावी आणि मध्यम दुष्काळालाही केंद्रीय निधी लागू करावा. पुढील खरिपापूर्वी नियमपुस्तिकेत या दुरुस्त्या करण्याची जबाबदारी केंद्र सरकारची आहे.