विहिरीचे भाकीत कोण तपासणार?



आपल्यापैकी काहीजण ह्यूस्टनच्या तेलकंपन्यांत नोकरी करतात. उरलेल्यांपैकी अनेकांची निवृत्तीची पुंजी ४०१(के)च्या फंडांतून त्याच कंपन्यांच्या शेअर्समध्ये जाते. म्हणूनच शेलच्या विहिरीतून एकूण किती तेल निघेल हे कोण ठरवते आणि कसे, हे विचारण्याचा हक्क आपल्या सर्वांनाच आहे.

या भाकिताचे मूळ सूत्र जे. जे. आर्प्स यांनी १९४५ साली मांडले. विहिरीचे उत्पादन कसे घटत जाते, हे दाखवणारी ती वक्ररेषा. तिचा बाक ठरवणारा ‘बी’ हा आकडा नेहमीच्या विहिरींत शून्य ते एक यांच्या दरम्यान असतो. शेलचा खडक मात्र फार घट्ट. फ्रॅकिंगने पाडलेल्या भेगांजवळचे तेल भराभर येते, लांबचे वर्षानुवर्षे झिरपत राहते. सुरुवातीच्या आकड्यांवर रेषा बसवली की ‘बी’ एकाच्या वर जातो, आणि तीच रेषा पुढे ओढत नेली तर तेलाच्या बेरजेला अंतच राहत नाही! म्हणून पुढे कुठेतरी ठरावीक वार्षिक घट गृहीत धरतात. ते ‘कुठेतरी’ म्हणजे नेमके कुठे, हा शेवटी माणसाचा अंदाज.

एक हिशेब करून पाहा. रोज १००० बॅरलने सुरू झालेली विहीर वर्षअखेर ३०० बॅरलवर आली. ‘बी’ ०.८ धरला तर ३० वर्षांत सुमारे ५ लाख ६० हजार बॅरल निघतात, १.२ धरला तर सुमारे ७ लाख ७५ हजार. पहिल्या वर्षात दोन्ही रेषा जवळजवळ सारख्याच दिसतात. म्हणजे वरचे दोन लाख बॅरल फक्त कागदावर असू शकतात.

हा नुसता तर्क नव्हे. वॉल स्ट्रीट जर्नलने हजारो विहिरी तपासून जानेवारी २०१९ मध्ये लिहिले, की २०१४ ते २०१७ मधली कंपन्यांची दोनतृतीयांश भाकिते फाजील आशावादी होती आणि एकंदर उत्पादन भाकितापेक्षा सुमारे १० टक्के कमी भरण्याच्या मार्गावर होते.

यावर आपले इंजिनीअर मित्र म्हणतील, की ‘सिद्ध साठ्यां’ना कडक नियम आहेत. खरे आहे. संभाव्यतेच्या पद्धतीने मोजल्यास तेवढे तेल निघण्याची शक्यता किमान ९० टक्के असावी लागते. पण गुंतवणूकदारांच्या बैठकीत स्लाइडवर झळकणारी ‘नमुना विहीर’ या व्याख्येत बसत नाही. शिवाय सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने २००८ साली मंजूर केलेल्या नियमांनी ‘विश्वसनीय तंत्रज्ञाना’च्या आधारे साठे सिद्ध मानायला मुभा दिली, आणि त्या तंत्रज्ञानाची सर्वसाधारण चर्चा पुरेशी ठरवली. टेक्सासमध्ये तर तेलाचे उत्पादन विहीरवार नव्हे, लीजवार नोंदवले जाते. बाहेरच्याने पडताळायचे कसे?

भाकीत चुकणे हा गुन्हा नाही. खडक कुणालाच आतून दिसत नाही. आक्षेप आहे तो एकच आकडा पुढे करून बाकीच्या शक्यता झाकण्याला. चुकीची किंमत भाकीत करणारा क्वचितच मोजतो. रॉयल्टीच्या भरवशावर कर्ज काढणारा जमीनमालक ती मोजतो. कंपनी बुडून विहीर बेवारस झाली तर ती बुजवण्याचा खर्च करदात्यांवर येतो. अशा बेवारस विहिरींसाठी २०२१ च्या कायद्याने ४.७ अब्ज डॉलरची तरतूद केली, ती सार्वजनिक पैशातूनच.

मागणी साधी आहे. प्रत्येक कंपनीने दरवर्षी, विहिरी खोदल्या त्या सालानुसार, तेव्हाचे भाकीत आणि आजवरचे उत्पादन शेजारीशेजारी छापावे. एका आकड्याऐवजी कमीतकमी, मध्यम आणि जास्तीतजास्त असे तीन आकडे द्यावेत. हे आकडे कंपन्यांकडे असतातच. भागधारक म्हणून आपण ते आपल्या फंडाकडे मागू शकतो. आणि जे मित्र स्वतः या रेषा आखतात, त्यांनी वरिष्ठांना हवा तो ‘बी’ मुकाट्याने लिहून देऊ नये, एवढी अपेक्षा चुकीची आहे का?