विश्लेषण : पुराचा गाळ शेताला तारतो की मारतो?

सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात सीनाकाठी काही शेते खरडून गेली, तर काही गाळाखाली गेली. ‘पुराचा गाळ म्हणजे फुकटचे खत’ हा समज कितपत खरा?

नदीकाठची जमीन सुपीक का?

गाळाच्या जमिनीत पोयट्याचा अंश मोठा असतो. पोयटा म्हणजे ०.००२ ते ०.०५ मिलिमीटरचे कण. वाळूपेक्षा बारीक, चिकणमातीपेक्षा जाड. निम्म्याहून अधिक पोयटा आणि २७ टक्क्यांपेक्षा कमी चिकणमाती असलेली माती पिकाला उपयोगी पडणारे पाणी भरपूर धरते. ती मशागतीला हलकी असते आणि भारी काळ्या रानापेक्षा लवकर वाफशावर येते.

मग ती वाहून का जाते?

वाळूचे कण जड असतात, चिकणमातीचे कण एकमेकांना घट्ट धरतात. पोयट्याकडे वजनही नाही आणि चिकटपणाही. त्यामुळे पीक किंवा गवत नसलेल्या रानातून तो सहज वाहतो. जोरदार पावसानंतर त्याचा वर कडक पापुद्रा धरतो आणि कोंब अडकतात.

साचलेला गाळ कसा ओळखायचा?

पाण्याचा वेग मंदावतो तशी आधी वाळू बसते, मग पोयटा, शेवटी चिकणमाती. म्हणून एकाच गावात काठावरच्या शेतात वाळू आणि आतल्या शेतात पोयटा साचतो. बाटलीत माती-पाणी हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात, पोयटा साधारण दोन तासांत बसतो. चिकणमातीला दिवस किंवा अधिक लागतो. पोयट्याचा पातळ थर नांगरून मिसळता येतो. वाळूचा जाड थर काढावाच लागतो.

मदतीचे निकष काय?

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२६च्या निकषांनुसार तीन इंचांहून जाड वाळू-गाळ काढण्यासाठी हेक्टरी १८ हजार, तर जमीन वाहून गेल्यास ४७ हजार रुपये मिळतात. ऑक्टोबर २०२५च्या पॅकेजमध्ये राज्याने खरडलेल्या जमिनीसाठी रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामेही जाहीर केली. मात्र निकष थराची जाडी मोजतो, कणांचा आकार नाही. तीन इंच पोयटा आलेला आणि तीन इंच वाळू आलेला शेतकरी पंचनाम्यात एकाच रकान्यात बसतात. पुढच्या हंगामात एकाचे रान पेरणीला तयार असेल, दुसरा ट्रॅक्टरचे भाडे मोजत असेल.