रूलेटमध्ये ‘हरलात की डबल लावा’ ही ट्रिक चालते का?

‘हरलात की पुढच्या डावात दुप्पट लावा, एकदा जिंकलात की सगळं वसूल!’ रूलेटची ही ट्रिक सांगणारे रील्स तुमच्याही फीडमध्ये आले असतील. पण गणित काय सांगतं?

खेळ नेमका काय?

युरोपियन रूलेटच्या चाकावर ३७ खण असतात. १ ते ३६ आकडे, त्यातले निम्मे लाल, निम्मे काळे आणि एक हिरवा शून्य. डीलर फिरत्या चाकावर चेंडू सोडतो. तो ज्या खणात थांबेल तो आकडा लागला. लाल-काळा किंवा सम-विषम बरोबर आलं, तर लावले तेवढेच पैसे वर मिळतात. नेमका आकडा लागला तर ३५ पट.

कॅसिनो कमावतो कसा?

समजा, तुम्ही सगळ्या ३७ खणांवर प्रत्येकी १०० रुपये लावले. खर्च ३,७०० रुपये. एक आकडा हमखास लागणार. त्याचे ३,५०० आणि त्यावर लावलेले १००, असे ३,६०० परत. म्हणजे जिंकूनही १०० रुपये गेले. हाच कॅसिनोचा २.७ टक्के वाटा. लाल-काळ्यातही तो सुटत नाही, कारण शून्य आला की दोन्हीकडचे हरतात. अमेरिकन चाकावर दुहेरी शून्यही असतो, तिथे हा वाटा ५.२६ टक्के.

मग दुप्पट करत गेलं तर?

५०० रुपयांपासून सुरुवात करून सलग सहा डाव हरलात, तर ३१,५०० रुपये गेलेले असतात. सातव्या डावाला ३२,००० लागतात आणि तो जिंकलात तरी हाती येणारा नफा फक्त ५०० रुपये! असे सलग सहा डाव हरण्याची शक्यता साधारण ५५ मध्ये एक. रात्रभर खेळणाऱ्यासाठी ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. त्यात टेबलवर कमाल रकमेची मर्यादा असते, त्यामुळे दुप्पट करणं कधीतरी थांबतंच.

‘आता तरी लाल येणारच’ हाही भ्रम. १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोमध्ये सलग २६ वेळा काळा आला. लाल येणारच म्हणून लोक पैसे लावत राहिले आणि हरत गेले. चाकाला मागचा डाव आठवत नसतो.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी नाही. १९७६ चा कॅसिनो कायदा कधी लागूच झाला नाही, २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्यात परवानाधारक कॅसिनो आहेत. पण जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर लागतो आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत.

ऑनलाइन रूलेटचं काय? पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मात्र अशा गेमची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यामुळे पैसे घेऊन अशा अ‍ॅपची लिंक स्टोरीला टाकण्याआधी विचार करा.

तरीही खेळायचंच असेल तर?

सिनेमाच्या तिकिटासारखी रक्कम आधीच ठरवा. ती परत येणार नाही असंच धरून चाला. एकच शून्य असलेलं टेबल निवडा. उधारीचे किंवा घरखर्चाचे पैसे लावू नका. ठरवलेली रक्कम संपली की उठा. गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी लावलेल्या पुढच्या डावातही कॅसिनोचा वाटा तेवढाच असतो.