पीक विमा : दाराची किल्ली कुणाकडे?

पीक विम्याचा विषय निघाला की राज्यात बीडचे नाव दोन कारणांनी घेतले जाते. खरीप २०२० मध्ये या जिल्ह्यात विमा उतरविण्यास कंपन्या पुढे येईनात, तेव्हा नफ्या-तोट्याला मर्यादा घालणारे ८०-११० चे सूत्र येथे राबविले गेले आणि पुढे 'बीड पॅटर्न' या नावाने ते राज्याने स्वीकारले. दुसरे कारण मात्र भूषणावह नाही. खरीप २०२४ च्या हंगामात राज्यात सुमारे चार लाख बोगस अर्ज आढळल्याचे तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. त्यांतील एक लाखाहून अधिक अर्ज एकट्या बीडचे होते. कुठे सरकारी जमिनीवर, कुठे देवस्थानच्या जमिनीवर, तर कुठे दुसऱ्याच्याच शेतावर विमा उतरविला गेला होता. त्याआधी महिनाभर नागपूरच्या अधिवेशनात आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी हे प्रकरण मांडले होते.

यावरची चर्चा नेहमीप्रमाणे नीतिमत्तेच्या अंगाने झाली. हे अर्ज ज्या दारातून आत शिरले, त्या दाराकडे फारसे कुणी पाहिले नाही.

एक रुपयात विमा देण्याची योजना खरीप २०२३ पासून सुरू झाली आणि आदल्या वर्षी ९६ लाखांच्या घरात असलेले अर्ज एकदम १ कोटी ७० लाखांवर गेले. बहुसंख्य अर्ज सामूहिक सेवा केंद्रांतून भरले गेले. केंद्रचालकाला अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून मिळत. शेतकऱ्याला पडे अवघा एक रुपया. चालक आपले नाव आणि परवलीचा शब्द टाकून संकेतस्थळावर प्रवेश करी. आधार क्रमांक, सातबारा, बँकेचे पासबुक आणि पेरणीचे स्वयंघोषणापत्र जोडले की अर्ज पुढे सरके. म्हणजे संगणकाने ओळखले ते चालकाला! ज्याच्या नावाने अर्ज होता, तो माणूस समोर बसला आहे की नाही, हे त्याला कळण्याचा खात्रीचा मार्ग नव्हता.

त्यातही सातबारा हा सार्वजनिक दस्तऐवज. गट क्रमांक ठाऊक असला की तो कुणालाही पाहता येतो, पंधरा रुपयांत डिजिटल स्वाक्षरीची प्रतही मिळते. हा खुलेपणा योग्यच आहे. पण जो कागद कुणालाही मिळतो, तो जवळ बाळगणारा जमिनीचा मालक ठरत नाही. माणसाची ओळख पटणे आणि त्या कामाचा त्याला अधिकार असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बँकेचा रोखपाल दोन्ही तपासतो. विम्याच्या संकेतस्थळावर पहिलीचीच तपासणी झाली, तीही अर्जदाराऐवजी मध्यस्थाची.

दुसऱ्याची किल्ली वापरण्याचे उदाहरण शोधायला फार दूर जावे लागत नाही. यवतमाळच्या आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी या लहानशा ग्रामपंचायतीच्या लॉगिनवरून जन्माच्या २७ हजारांहून अधिक नोंदी झाल्याचे २०२५ च्या अखेरीस उघड झाले. गावाची लोकसंख्या दोन हजारांच्याही आत!

सरकारने एप्रिल २०२५ मध्ये एक रुपयाची योजना गुंडाळली. खरिपासाठी दोन टक्के हप्ता पुन्हा आला. जोडीला शेतकरी ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी अनिवार्य झाली. ओळख क्रमांकात आधार आणि जमिनीची नोंद परस्परांशी बांधलेली असल्याने अधिकाराची तपासणी आता दारातच होते. हे पाऊल आवश्यक होते, यात वाद नाही.

पण कुलूप भक्कम झाले की खरा मालकही कधी बाहेर राहतो, आणि बीडमध्ये ही शक्यता इतरांहून अधिक आहे. दसरा-दिवाळीनंतर येथील लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. रब्बीच्या विम्याची मुदत संपते ती नोव्हेंबर-डिसेंबरात, म्हणजे माणूस फडात असताना. आधारला जोडलेले सिम कधीच बंद पडलेले असते; कोयता धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. बटाईने शेती करणाऱ्याचे तर सातबाऱ्यावर नावच नसते. 'लाडकी बहीण' योजनेच्या ई-केवायसीत हेच दिसले. सप्टेंबर २०२५ पासून लाभार्थी स्त्रीबरोबरच पती किंवा वडिलांच्या आधारवरही ओटीपी मागितला गेला. गाळप हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला. मुदत १८ नोव्हेंबरची होती, ती अखेर ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. पती आणि वडील दोघेही हयात नसलेल्या स्त्रियांसाठी निराळी वाट काढावी लागली.

ओटीपीचा आणखी एक पैलू शहरी वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. ज्याला संदेश वाचता येत नाही, तो फोनच केंद्रचालकाच्या हाती देतो. मग तपासणी कागदोपत्री अर्जदाराची होते, पण किल्ली पुन्हा मध्यस्थाकडेच जाते.

एखाद्या गटावर विम्याचा अर्ज दाखल होताच त्या सातबाऱ्यावरील प्रत्येक खातेदाराला मराठीत संदेश जावा, अर्ज कोणत्या केंद्रातून भरला गेला ते त्यात नमूद असावे, आणि हरकत घ्यायला तालुका कृषी कार्यालयात पंधरा दिवसांची मुदत असावी. अर्जांची यादी गट क्रमांकासह ग्रामपंचायतीच्या फलकावरही लावता येईल. गायरानावर कुणी सोयाबीन पेरल्याचे दाखविले असेल, तर ते ओळखायला गावाला ओटीपी लागत नाही.