धुराचा वास आणि मागची सीट

जर्मनीत जुन्या गाडीच्या जाहिरातीत एक लांबलचक शब्द हमखास भेटतो, 'निश्टराउखरफारत्सोइग'. धूम्रपान न करणाऱ्याची गाडी. किती किलोमीटर चालली, ट्यूफ केव्हापर्यंत आहे, याच्याच ओळीत हा शब्द बसलेला असतो, कारण ज्या गाडीत वर्षानुवर्षे सिगारेटी ओढल्या गेल्या तिला गिऱ्हाईक हात आखडता घेऊनच पैसे देते. बाजाराला या वासाची किंमत कळते. आपल्याला, म्हणजे मुलांना गाडीत घालून मराठीच्या वर्गाला आणणाऱ्या पालकांना, ती कळते का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हा विषय वर्गाच्या अंकात कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण साधे आहे. आपल्यातली बरीच कुटुंबे इथे आल्यावर पहिली गाडी जुनीच घेतात. शिवाय शनिवारी एकमेकांची मुले आळीपाळीने आणण्याची आपली चांगली पद्धत आहे. त्यामुळे गाडी एका घराची असली तरी तिच्यातली हवा चार घरांच्या मुलांची असते. मुले मागे बसतात, हिवाळ्यात काचा बंद असतात, आणि वास आला तरी बिचारी बोलत नाहीत. काकांच्या गाडीला नावे ठेवू नयेत, हे आपणच त्यांना शिकवलेले असते!

वास आला की आपण काय करतो? आरशाला सुगंधी झाड टांगतो. इथे ज्याला 'वुंडरबाउम' म्हणतात ते पुठ्ठ्याचे झाड मूळचे अमेरिकेतले, न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाऊन गावी १९५२ साली निघालेले. आपली मंडळी त्यात भर म्हणून कापराच्या वड्या ठेवतात, चंदनाची उदबत्ती फिरवतात; डांबराच्या गोळ्या सीटखाली टाकणारेही आम्ही पाहिले आहेत. (या गोळ्या मुले बसतात तिथे कदापि ठेवू नयेत. त्यांची वाफ विषारी असते आणि लहान मूल त्या गोड समजून तोंडात घालू शकते.) आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे. आरशापाशी मुळात वास नसतोच. तो छताच्या कापडात, सीटच्या स्पंजात, पट्ट्यांच्या विणीत आणि हवेच्या नळ्यांत मुरलेला असतो.

सिगारेटचा धूर म्हणजे नुसता वायू नव्हे. त्यात डांबरासारख्या चिकट पदार्थांचे अतिसूक्ष्म कण असतात आणि निकोटिन असते. हे सारे गार पृष्ठभागावर बसते, कापडात शिरते आणि उन्हाने गाडी तापली की पुन्हा हवेत उतरते. म्हणूनच जानेवारीत न जाणवलेला वास जुलैत एकदम अंगावर येतो. अमेरिकेत सॅन डिएगो येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली विक्रीला असलेल्या जुन्या गाड्या तपासल्या, तेव्हा धूम्रपान करणाऱ्यांच्या गाड्यांत धुळीत, पृष्ठभागांवर आणि हवेतही निकोटिन सापडले. २०१० साली बर्कलीच्या प्रयोगशाळेने दाखवले की हे बसलेले निकोटिन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून कर्करोगकारक नायट्रोसमाइन तयार करते. मोठ्या माणसाला हा नुसता वास. लहान मूल मात्र वजनाच्या मानाने जास्त हवा आत घेते, सीटला हात घासते आणि तेच हात तोंडात घालते.

तेव्हा काढायचा तो वास नाही, तो थर आहे. तो घासूनच निघतो. प्रथम राखेची डबी काढून धुवावी आणि सगळी गाडी व्हॅक्यूमने झाडून घ्यावी, सीटच्या फटींसकट. मग समोरची काच आतून पुसावी. पाण्यात थोडे व्हिनेगर घालून फडके फिरवा आणि फडक्याचा रंग बघा. पिवळट तपकिरी डाग उमटायचा थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा पुसायचे. हे काम मुलांनाही द्यावे. हजार शब्दांनी पटत नाही ते त्या फडक्याने पटते. सीटचे पट्टे पूर्ण बाहेर ओढून सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावेत आणि वाळल्याशिवाय आत सोडू नयेत. मुलांच्या खास सीटचे कव्हर निघते, ते धुवावे. मुलाचे नाक त्याच्याच सर्वांत जवळ असते. कापडी सीटसाठी पाणी मारून लगेच ओढून घेणारे यंत्र भाड्याने मिळते. छताला मात्र जपून हात लावा. ते कापड गोंदाने चिकटवलेले असते, भिजले की लोंबते. ओलसर फडक्याने थोडे थोडे पुसावे, रगडू नये. शेवटी हवेचा फिल्टर बदलावा, सक्रिय कोळशाचा मिळाला तर उत्तम. फिल्टर आधी बदलून मग सफाई करणारे लोक आहेत. त्यांचा नवा फिल्टरही आठवड्यात वास मारू लागतो.

खाण्याचा सोडा सीटवर भुरभुरून रात्रभर ठेवला आणि सकाळी व्हॅक्यूमने ओढून घेतला की उरलासुरला वास बराच कमी होतो. पण दुकानात जाऊन 'सोडा' मागू नका. इथे 'सोडा' म्हणजे धुण्याचा सोडा. आपल्याला हवा त्याचे नाव 'नात्रोन'. नव्या आलेल्या पालकांनी हे घराच्या दारामागे लिहून ठेवावे, ढोकळ्याच्या वेळीही उपयोगी पडेल.

ओझोनचे यंत्र लावून देणारे व्यावसायिक इथे गावोगावी आहेत. आमचे मत असे की घासणे टाळण्यासाठी ओझोन मारणे म्हणजे पैसे पाण्यात. ओझोन फुप्फुसाला घातक असतो, त्यामुळे त्या वेळी गाडीत कोणी असता कामा नये आणि नंतर ती चांगली उघडी ठेवावी लागते. शिवाय निकोटिनचा थर तसाच असेल तर ओझोन त्याच्याशी क्रिया करून दुसरेच त्रासदायक पदार्थ बनवतो.

आता थोडे कटू. एवढी मेहनत करून गाडी स्वच्छ केली आणि दुसऱ्या दिवशी ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर एक सिगारेट पेटवली, तर सारे मुसळ केरात. "मुले नसतात तेव्हाच ओढतो" आणि "काच खाली करून ओढतो" ही दोन उत्तरे आम्हाला ठाऊक आहेत. पहिल्याचे उत्तर वर दिलेच आहे, धूर जातो पण थर राहतो. दुसऱ्याचे उत्तर असे, की खिडकीतून धुराचा काही भागच बाहेर जातो, बाकीचा मागच्या सीटवर येतो.

कायद्याचे म्हणाल तर जर्मनीने १ सप्टेंबर २००७ पासून रेल्वे, बस आणि टॅक्सीत धूम्रपान बंद केले. खाजगी गाडीला मात्र हात लावला नाही. मुले किंवा गरोदर बाई गाडीत असताना धूम्रपानाला बंदी आणि मोडल्यास ५०० ते ३००० युरो दंड, असा प्रस्ताव राज्यांच्या सभागृहाने, बुंडेसराटने, २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये पुढे केला. दोन्ही वेळा त्याचा कायदा झाला नाही. इंग्लंड आणि फ्रान्समध्ये असा कायदा २०१५ साली आला, इटलीत २०१६ साली, ऑस्ट्रियात मे २०१८ मध्ये. म्हणजे म्युनिकहून सहलीला निघालेल्या कुटुंबातले वडील साल्झबुर्गची सीमा ओलांडताच सिगारेट विझवायला बांधले जातात, आणि परत येताना मुलांची फुप्फुसे जणू एकाएकी मजबूत होतात! भारतानेही २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी बंदी घातली, ती खाजगी गाडीपर्यंत पोचली नाही. गाडी हा ज्याचा त्याचा खाजगी मामला, असे विरोधक म्हणतात. रिकाम्या गाडीपुरते ते आम्हाला मान्य आहे. पण मागे दुसऱ्याचे मूल बसवले की मामला खाजगी कसा राहील?

म्हणून आमची सूचना अशी. शनिवारच्या फेऱ्यांच्या यादीत ज्या गाड्या आहेत, त्यांत कोणीही, कधीही, रिकाम्या असतानाही सिगारेट ओढू नये. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी यादीतून नाव काढावे. आम्ही त्यांना दोष देणार नाही, त्यांच्या मुलांनाही दुसऱ्या गाडीत जागा मिळेल. जुनी गाडी घेणाऱ्यांनी 'निश्टराउखर' हा शब्द जाहिरातीतून करारातही उतरवून घ्यावा, आणि काचा बंद करून ऊन लागलेल्या गाडीत पाच मिनिटे बसून पाहावे.

मुलांनो, तुमच्यासाठी या महिन्याचे शब्द वासाचे आहेत: सुवास, दरवळ, दर्प, कुबट, आंबूस, उग्र. गाडीतल्या शिळ्या धुराला 'कुबट' चालेल, 'दर्प' जास्त चांगला. आणि एक वाक्य पाठ करा, ते आईबाबांसमोर म्हणून दाखवायचे आहे: "काका, गाडीत धुराचा दर्प येतो आहे, मी दुसऱ्या गाडीत बसू का?" यात 'काका' आहे, 'बसू का' आहे, म्हणजे उद्धटपणा मुळीच नाही. ज्या काकांना हे वाक्य ऐकावे लागेल त्यांच्यासाठी वर्गाच्या कपाटात नात्रोनची दोन पाकिटे ठेवली आहेत.