विश्लेषण : फोटो स्वस्त झाले, परवानगीचे काय? ‘स्टॉक फोटो’चा बाजार कसा बदलतोय?

सरकारी योजनेच्या जाहिरातीतील हसरी लाभार्थी, बँकेच्या माहितीपत्रकातील आनंदी वृद्ध जोडपे, क्लासच्या फ्लेक्सवरील हुशार विद्यार्थी… हे चेहरे बहुतेकदा त्या योजनेचे, त्या बँकेचे किंवा त्या क्लासचे नसतात. ते ‘स्टॉक फोटो’ विकणाऱ्या संकेतस्थळावरून घेतलेले असतात. गेल्या २५ वर्षांत या फोटोंची किंमत शेकडो डॉलरवरून काही सेंटवर आली. आता तर हेच फोटो माणसांना दाखवण्यासाठी नव्हे, तर यंत्रांना शिकवण्यासाठी विकले जात आहेत. या उलाढालीत फोटो काढणाऱ्याच्या आणि फोटोतल्या माणसाच्या वाट्याला काय आले?

मुंबई उच्च न्यायालयातील प्रकरण काय?

मार्च २०२५ मध्ये एका महिलेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने केंद्र सरकार, महाराष्ट्रासह चार राज्यांची सरकारे आणि ‘शटरस्टॉक’ ही अमेरिकी कंपनी यांना नोटीस बजावली. गावातल्याच ओळखीच्या छायाचित्रकाराने आपला फोटो काढला, संमती न घेता तो शटरस्टॉकवर टाकला आणि तेथून तो वेगवेगळ्या सरकारी योजनांच्या जाहिरातींत वापरला गेला, असे याचिकेत म्हटले आहे. समाजमाध्यमांच्या काळात हा प्रश्न गंभीर असल्याचे न्यायालयाने नमूद केले.

या एका फोटोत तीन पक्ष आहेत : फोटो काढणारा, फोटोत दिसणारी आणि फोटो वापरणारे. मध्ये आहे संकेतस्थळ. वापरणाऱ्याने रीतसर पैसे भरले असले, तरी फोटोतल्या व्यक्तीची परवानगी होती का, हा प्रश्न शिल्लक राहतो. या व्यवसायाचे सगळे दुखणे तेथेच आहे.

स्टॉक फोटो म्हणजे नेमके काय?

एखाद्या ग्राहकाने सांगितले म्हणून नव्हे, तर पुढे कोणाला तरी लागेल म्हणून आधीच काढून साठवलेला फोटो. ग्राहक पैसे देतो ते फोटो वापरण्याच्या परवान्याचे. मालकी छायाचित्रकाराकडेच राहते.

परवान्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात किंमत वापरावर ठरते. फोटो किती मोठा छापणार, किती प्रती, किती दिवस, कोणत्या देशात, यानुसार दर बदलतो. दुसरा ‘रॉयल्टी-फ्री’. या शब्दामुळे अनेकांची फसगत होते. रॉयल्टी-फ्री म्हणजे फुकट नव्हे. एकदा पैसे भरले की प्रत्येक वापरासाठी पुन्हा द्यावे लागत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

याशिवाय फोटोतला चेहरा ओळखू येत असेल, तर जाहिरातीसाठी त्या व्यक्तीचे सही केलेले संमतीपत्र लागते. धंद्याच्या भाषेत ‘मॉडेल रिलीज’. ते नसेल तर फोटो ‘एडिटोरियल’ गटात जातो. बातमीत किंवा लेखात तो चालतो, जाहिरातीत नाही.

पूर्वी हा व्यवसाय कसा चालायचा?

नव्वदच्या दशकापर्यंत एजन्सीच्या कपाटांत रंगीत पारदर्शिका असत. ग्राहकाने जाड कॅटलॉग चाळून फोटो निवडायचा, मग ती पारदर्शिका कुरियरने यायची आणि काम झाल्यावर परत जायची. चांगल्या जाहिरातीसाठी एका फोटोला शेकडो, कधी हजारो डॉलर मोजले जात. मुंबईतही ‘दिनोदिया’सारख्या संस्थेने भारतीय सण, शेती, शहरे यांच्या फोटोंचा साठा उभारला होता.

इंटरनेट येणार हे ओळखून मोठ्या भांडवलाने या क्षेत्रात उडी घेतली. बिल गेट्स यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेली कंपनी पुढे ‘कॉर्बिस’ झाली. मार्क गेटी आणि जोनाथन क्लाइन यांनी १९९५ मध्ये ‘गेटी इमेजेस’चा पाया घातला. दोघांनी जुन्या एजन्सी आणि संग्रह विकत घेण्याचा सपाटा लावला.

स्वस्ताई कोठून आली?

कॅनडातील कॅलगरी शहरातून. तेथे २००० मध्ये सुरू झालेले ‘आयस्टॉकफोटो’ आधी डिझायनरांनी आपसांत फोटो देवाणघेवाण करण्याचे ठिकाण होते. पुढे तेथे एक फोटो २५ सेंटला मिळू लागला. डिजिटल कॅमेरा हाती आलेले हौशी लोक फोटो पुरवायला तयारच होते. गेटीने या स्पर्धकाशी लढण्याऐवजी २००६ मध्ये त्याला पाच कोटी डॉलरला विकत घेतले.

दुसरा धक्का शटरस्टॉकचा. जॉन ओरिंजर यांनी २००३ मध्ये स्वतः काढलेले सुमारे ३० हजार फोटो घेऊन ही कंपनी सुरू केली. महिन्याचे ठरावीक पैसे भरा आणि रोज २५ फोटो घ्या, अशी ती योजना होती. फोटो ही वस्तू न राहता केबलच्या वर्गणीसारखी सेवा झाली. ‘अनस्प्लॅश’ने २०१३ पासून चांगले फोटो चक्क मोफत द्यायला सुरुवात केली, २०२१ मध्ये तेही गेटीकडे गेले. ‘अडोबी’ने ‘फोटोलिया’ ८० कोटी डॉलरला घेऊन २०१५ मध्ये आपल्या सॉफ्टवेअरलाच फोटोंचे दुकान जोडले. वापरानुसार दर ठरवण्याची जुनी पद्धत सर्जनशील फोटोंसाठी बंद करत असल्याचे गेटीने २०१९ मध्ये जाहीर केले.

या स्वस्ताईचा फायदाही झाला. लहान वृत्त-संकेतस्थळे, तालुक्याच्या गावातले डिझायनर, स्वयंसेवी संस्था यांना दर्जेदार फोटो परवडू लागले. परदेशी संग्रहांत भारतीय चेहरे कमी होते. ती पोकळी ओळखून २००६ मध्ये संदीप माहेश्वरी यांनी ‘इमेजेसबझार’ सुरू केले.

छायाचित्रकाराच्या हाती काय उरले?

शटरस्टॉकवर वर्गणीदाराने फोटो उतरवला की नव्या छायाचित्रकाराला २५ सेंट मिळत. जून २०२० मध्ये कंपनीने पद्धत बदलली. वाटा १५ ते ४० टक्के ठरला. पण पायऱ्या दर १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून चढायच्या. एका फोटोचा किमान मोबदला १० सेंटवर आला, म्हणजे तेव्हाचे साधारण साडेसात रुपये. जगभरातील छायाचित्रकारांनी निषेध केला, काहींनी आपले फोटो काढून घेतले. दर मात्र तेच राहिले.

दर घसरला की संख्या वाढवावी लागते. आणि रोज शेकडो फोटो चढवायचे म्हटले, की समोरच्या माणसाला कागद समजावून सांगून सही घेण्याचे काम घाईत उरकले जाते. संमतीची साखळी कमकुवत होण्यामागे हे अर्थकारणही आहे.

एआयमुळे काय बदलले?

प्रतिमा तयार करणाऱ्या एआयला शिकण्यासाठी कोट्यवधी फोटो आणि त्यांचे वर्णन लागते. स्टॉक संकेतस्थळांकडे दोन्ही तयार होते. शटरस्टॉकने २०२१ पासून ‘ओपनएआय’ला साठा पुरवला आणि २०२३ मध्ये हा करार सहा वर्षांसाठी वाढवला. छायाचित्रकारांना वाटा देण्यासाठी निधी केला. पण कोणत्या फोटोमुळे यंत्र काय शिकले, हे मोजता येत नसल्याने वाटप ठोकळेबाजच होते. अडोबीनेही आपल्या साठ्यावर ‘फायरफ्लाय’ घडवले आणि छायाचित्रकारांना बोनस दिला.

गेटीने वेगळी वाट धरली. आपले एक कोटी २० लाखांहून अधिक फोटो विनापरवाना वापरल्याचा आरोप करत तिने २०२३ मध्ये ‘स्टॅबिलिटी एआय’ला ब्रिटन आणि अमेरिकेत न्यायालयात खेचले. स्टॅबिलिटीच्या काही चित्रांत गेटीच्या वॉटरमार्कची वेडीवाकडी नक्कल उमटत होती. तरीही ब्रिटनमध्ये यंत्राला शिकवण्याबाबतचा मुख्य दावा गेटीला सुनावणीदरम्यान सोडावा लागला, कारण ते काम ब्रिटनमध्ये झाल्याचा पुरावा नव्हता. ४ नोव्हेंबर २०२५ च्या निकालात लंडनच्या उच्च न्यायालयाने वॉटरमार्कबाबत मर्यादित दिलासा दिला; पण फोटो साठवून न ठेवणारे एआय मॉडेल ही ‘बेकायदा प्रत’ ठरत नाही, असे सांगितले.

बाजार आक्रसत असताना मोठे मासे एकत्र येत आहेत. गेटी आणि शटरस्टॉक यांनी जानेवारी २०२५ मध्ये विलीनीकरणाचा करार जाहीर केला. एकत्रित मूल्य सुमारे ३.७ अब्ज डॉलर. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने त्याची सखोल चौकशी हाती घेतली. विकत घेणारे दोनच उरले, तर पुरवणाऱ्याने घासाघीस कोणाशी करायची, हा प्रश्न आहे.

भारतातील कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटोवरील हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा. म्हणजे लग्नाचे फोटो काढणाऱ्याने तेच फोटो परस्पर स्टॉकवर विकणे कायद्यात बसत नाही. फोटोवरील हक्काची माहिती जाणूनबुजून पुसणे हाही २०१२ च्या दुरुस्तीनंतर गुन्हा आहे.

फोटोतल्या व्यक्तीसाठी मात्र स्वतंत्र कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये आर. राजगोपाल खटल्यात, एखाद्याचे नाव किंवा चेहरा संमतीविना जाहिरातीत वापरणे हा खासगीपणाचा भंग असल्याचे म्हटले होते. या आधारे अमिताभ बच्चन, अनिल कपूर यांनी दिल्ली, तर अरिजित सिंह यांनी मुंबई उच्च न्यायालयातून संरक्षण मिळवले. सामान्य माणसाला आपला चेहरा कोठे झळकतोय हेच अनेकदा उशिरा कळते.

एआयबाबत उद्योग संवर्धन विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये सक्तीच्या परवान्याची शिफारस केली. तीनुसार एआय कंपन्यांना साहित्य वापरता येईल, मोबदला द्यावा लागेल. पण निर्मात्याला नकार देता येणार नाही.

फोटो वापरताना काय पाहावे?

गूगलवर दिसला म्हणून फोटो मोफत होत नाही. मोफत संकेतस्थळावरून घेतला तरी परवान्याची नोंद आणि तारीख जपून ठेवावी. जाहिरातीत चेहरा असेल, तर संमतीपत्र आहे याची खात्री करावी. आणि आजार, कर्ज, गुन्हा अशा विषयांच्या मजकुराशेजारी अनोळखी चेहरा लावू नये. बहुतेक परवाने ते मनाई करतात.

पुढे काय?

यंत्र काही क्षणांत हसरा शेतकरी तयार करते, तेव्हा हसऱ्या शेतकऱ्याच्या फोटोला किंमत उरत नाही. किंमत उरते ती खात्रीला : हा माणूस खरा आहे, हा प्रसंग घडला आहे आणि दोघांची परवानगी आहे. ही खात्री देणे हेच यापुढे या व्यवसायाचे काम असायला हवे. निदान सरकारांनी तरी जनतेच्या पैशातून जाहिरात करताना संमतीपत्राशिवाय चेहरा वापरायचा नाही, असा नियम करायला हरकत नाही. योजनेचे खरे लाभार्थी असतील, तर त्यांना विचारून त्यांचाच फोटो काढणे काही अवघड नाही. परवानगी मागण्याला फारसे पैसे लागत नाहीत. ती न मागितल्याची किंमत मात्र फोटोतल्या माणसाला मोजावी लागते.